साडेसातची बस

गेल्या फाल्गुनात मावशीच्या गावी दोन दिवस राहायला गेलो होतो. अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठी ते गाव आहे. ओसरीवर गोणपाट अंथरून मावशी शेंगा फोडत बसली होती. टरफल फुटल्याचा आवाज, दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज आणि कडुनिंबाची पिवळी पाने वाऱ्यासरशी फरशीवरून घसरत जातात त्यांचा आवाज, एवढेच काय ते ऐकू येत होते. मध्येच मान वर न करता तिने विचारले, "ती पोर घर पोहचनी का रे भाऊ?" मला वाटले, गल्लीतल्या कुणाची तरी लेक प्रवासाला निघाली असावी आणि तिचा फोन आला की नाही, हे मावशी विचारत असावी. "कुणाची पोर?" असे मी म्हणालो, तेव्हा तिने हात थांबवले आणि कोपऱ्यातल्या बंद टीव्हीकडे हनुवटीने खूण केली. ती मालिका बंद पडून तोवर चार महिने उलटले होते.

त्या मालिकेचे आणि वाहिनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्यात काम करणाऱ्या माणसांना पोटासाठी पुन्हा त्याच दारात जावे लागणार आहे. गोष्ट साधी होती. दूरच्या गावी दिलेली एक मुलगी. लग्नात काहीतरी बिनसले म्हणून बापाने तिचे नाव टाकलेले. सासरी सगळे असूनही मनाने एकटी पडलेली. कित्येक महिने ती रोज संध्याकाळी साडेसातला मावशीच्या घरात येत होती. दिवाळीच्या आधी मालिकेची वेळ बदलली आणि ती रात्री साडेदहाला गेली. नऊ वाजता आडवी होणारी मावशी डोळ्यांना पाणी लावून जागी राहू लागली. पुढे मालिका आठवड्यातून दोनच दिवस दिसू लागली. एका रात्री ती मुलगी हातात एक पिशवी घेऊन एसटीत बसली, माहेरी जायला निघाली. बस एका अनोळखी स्थानकावर थांबली, कंडक्टर खाली उतरला, खिडकीच्या काचेवर तिचा चेहरा दिसला आणि भाग संपला. पुढच्या भागाच्या वेळी तिथे भलत्याच मालिकेचे शीर्षकगीत वाजू लागले. कुणी काही सांगितले नाही, निरोप घेतला नाही. ती मुलगी त्या स्थानकावर बसली ती बसलीच.

मावशीच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, आणि ते खोटे दिले. "पोहोचली ना! तिचे वडील स्थानकावर घ्यायला आले होते. मी मोबाइलवर पाहिला तो भाग," असे मी म्हणालो. तिला बरे वाटावे एवढाच माझा हेतू होता. मावशीने एक शेंग फोडली, दाणे हातावर घेऊन त्यांचे साल फुंकले आणि शांतपणे म्हणाली, "तिना बाप येवाव नही." तिचा बाप येणारा नाही.

पुढे तो विषय तिने काढला नाही. मी मात्र जळगावला परतताना बसमध्ये, धरणगाव मागे पडेपर्यंत, त्या एका वाक्याशी झुंजत राहिलो. माझी थाप पकडली गेली याचे वाईट वाटत होतेच, पण त्याहून अधिक टोचत होते ते हे, की तिने ती थाप माणसाच्या स्वभावावरून पकडली. तो बाप कसा आहे, हे तिला माझ्यापेक्षा, कदाचित तो लिहिणाऱ्यापेक्षाही, चांगले ठाऊक होते. इतके महिने तिने ते माणूस पारखले होते. अशा माणसाला "अहो, नुसती मालिका तर होती" असे म्हणणे मला आता जमणार नाही. पूर्वी मी ते म्हणत असे.

मावशीचे मालिका पाहणे हा कधीच एकटीचा उद्योग नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या भारनियमनाच्या काळात मी तिच्याकडे सुटीत राहत असे. संध्याकाळी ऐन भागाच्या वेळी वीज जायची, आणि अंधार पडताच गल्लीतून एकदम "अरे देवा" असा बायकांचा सूर उठायचा. मग ज्या वस्तीत वीज टिकली असेल तिथली एखादी बाई दुसऱ्या दिवशी शेतात कापूस वेचताना बुडालेला भाग सगळ्यांना सांगायची. पाठीमागे बांधलेल्या ओट्यात, म्हणजे कापडाच्या झोळीत, कापूस, बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे, आणि ओळीओळीने पुढे सरकणाऱ्या त्या बायकांमध्ये एकीचा आवाज सासूचा होई, सुनेचा होई, नवऱ्याचा होई. सांगणारी कधी मधले विसरली तर दुसरी ते आपल्या पदरचे घालून पुरे करी. मी काही मालिका अशा नुसत्या ऐकल्या आहेत. त्यांतल्या नट-नट्यांचे चेहरे मी कधीच पाहिले नाहीत, पण गोष्ट आजही आठवते. आमची अहिराणी त्या मालिकांमध्ये क्वचितच ऐकू आली. तिकडची माणसे कोल्हापूर-साताऱ्याकडचे बोलत, इकडे बायका त्यांना अहिराणीत बोलायला लावत, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तिचे 3,000 हून अधिक भाग झाले. त्या काळात गल्लीतल्या दोन मुलींची लग्ने होऊन त्यांची पोरे शाळेत जाऊ लागली होती. ती संपली तेव्हा मावशीने तक्रार केली नाही. संपली, एवढेच म्हणाली. जे संपते त्याविषयी तिची तक्रार कधीच नव्हती.

मालिका बंद का झाली, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: टीआरपी मिळाला नाही. तो मोजतात कसा, हे मात्र मी त्या प्रवासानंतर पहिल्यांदा नीट समजून घेतले. देशात टीव्ही असलेली घरे 20 कोटींहून अधिक आहेत, आणि 'बार्क' ही संस्था त्यांतल्या 50 ते 60 हजारांच्या दरम्यान घरांत मोजणीचे यंत्र बसवते. म्हणजे त्या एकेका घराच्या खांद्यावर सरासरी साडेतीन-चार हजार घरांची आवडनिवड असते. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती ते यंत्र ओळखते. आणि समोर कोण बसले आहे हे कळावे म्हणून घरातल्या प्रत्येकाला एक बटण ठरवून दिलेले असते. आजी बसली की आजीचे बटण, सून बसली की सुनेचे. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवतात, आणि ते योग्यच आहे. दर गुरुवारी आकडे येतात. 2015 साली ही संस्था मोजू लागली त्याच वर्षी खेड्यातली घरे पहिल्यांदा हिशेबात धरली गेली. हे वाचले तेव्हा मला ओट्यात कापूस घेतलेल्या त्या बायका आठवल्या. त्या ज्या वर्षांत एकमेकींना भाग सांगत होत्या त्या वर्षांत त्यांचे पाहणे कुणाच्याच वहीत लिहिले जात नव्हते. आता खेडी मोजली जातात. पण मावशीच्या गल्लीत कुणाच्याही घरी यंत्र नसेल, तर त्या साऱ्या बायका डोळ्यांना पाणी लावून जागल्या काय आणि झोपल्या काय, आकड्यात काडीचा फरक पडणार नव्हता. नमुना घेऊन मोजणे हे शास्त्र आहे, शिताएवढ्या परीक्षेवरून भात कळतो, हे मलाही मान्य आहे. शिजला की नाही ते शितावरून कळते. कुणाला किती भूक होती, ते कळत नाही.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर मालिका 13 भागांच्या असत, फार तर 26, क्वचित 52. पहिला भाग दिसायचा तेव्हाच शेवट कुठेतरी ठरलेला असायचा. आता गोष्ट आठवड्या-आठवड्याने लिहिली जाते आणि गुरुवारच्या आकड्यांनुसार तिचा रस्ता बदलतो, त्यामुळे ती किती लांब आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. तरीही लोकांना शेवट हवाच असतो. 'रामायण' मालिका 31 जुलै 1988 रोजी रामाच्या राज्याभिषेकाशी आणून संपवली, तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी पुढची कथाही दाखवावी म्हणून संप केला. तो आणखी काही शहरांत पसरला, आणि त्या वर्षीच पुढे लव-कुशांपर्यंतची कथा दूरदर्शनवर आली. ज्या कथेचा शेवट घरातल्या लहान पोरालाही माहीत होता, तिच्यासाठी माणसांनी हातातले काम खाली ठेवले. सीतेचे पुढे काय झाले, हे त्यांना माहीत करून घ्यायचे नव्हते. ते त्यांना डोळ्यांपुढे घडलेले पाहायचे होते. ही बातमी मी फार उशिरा वाचली. वाचली तेव्हा नुसती गंमत वाटली होती, याची आज लाज वाटते.

मावशीच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी लागत असे. रोज रात्री कंदील किंवा बल्ब, चौरंग, उदबत्तीचा धूर, आणि वाचणारे आजोबा प्रत्येक अध्यायानंतर पाण्याचा घोट घेत. पोथी चाळीस अध्यायांची. एका वर्षी निम्म्याहून अधिक पोथी झाली आणि आजोबांना तापाने धरले. गावात दुसरे कुणी सराईत वाचणारे नव्हते. तेव्हा माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, ज्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते, ते चौरंगापुढे बसले. ओवीतला एकेक शब्द ते पायरी चाचपडावी तसे चाचपडत वाचत. एका अध्यायाला दोन-अडीच तास लागत. ऐकणारी माणसे पेंगत, पोरे तिथेच झोपी जात, पण उठून कुणी गेले नाही. "पोथी उघडी ठेवू नये," एवढेच मावशी म्हणे. समाप्तीच्या दिवशी काकांचा घसा इतका बसला होता की आरतीला त्यांचा आवाजच उमटला नाही. आजोबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. मालिकेशी पोथीची तुलना करणे काहींना आवडणार नाही, पण मावशीच्या मनात या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे कप्पे आहेत असे मला वाटत नाही. माणसांना समोर बसवून कथा सुरू केली की ती पुरी करण्याचे ओझे सांगणाऱ्यावर येते, हे तिने त्या चौरंगापुढे शिकून घेतले होते.

मी पत्र लिहायचे ठरवले.

चैत्रात पुन्हा गेलो तेव्हा अमळनेरच्या टपाल कचेरीतून पोस्टकार्डे घेऊनच गेलो. मावशीने सांगितले, मी लिहिले. तिने मालिका पुन्हा सुरू करा असे म्हटले नाही. "ती मुलगी घरी पोहोचली की नाही, एवढे एका भागात दाखवा. बाकी काही नको," एवढाच मजकूर होता. खाली गल्लीतल्या अकरा जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. कार्डावर जागा पुरेना म्हणून शेवटच्या तिघींनी पत्त्याच्या बाजूला नावे लिहिली. पत्राचे उत्तर आले नाही. येईल अशी माझीही अपेक्षा नव्हती, पण मावशी पोस्टमनला दोनदा विचारून आली, आणि ते मला कळले तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी अडकले.

त्याच दिवसांत अमेरिकेतल्या 'जेरिको' नावाच्या मालिकेची हकिकत माझ्या वाचनात आली. अणुबॉम्बच्या हल्ल्यानंतर जगापासून तुटलेल्या एका छोट्या गावाची ती गोष्ट. 2007 च्या मे महिन्यात सीबीएस वाहिनीने ती पहिल्या पर्वानंतर ऐन अटीतटीच्या प्रसंगावर बंद केली. शेवटच्या भागात शरण या असे सांगणाऱ्यांना नायकाने 'नट्स' (शब्दशः 'दाणे', बोलण्यात 'चल हट') एवढ्या एका शब्दात धुडकावून लावले होते. चाहत्यांनी तोच शब्द उचलला आणि वाहिनीच्या कचेरीकडे शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. थोडेथोडके पाठवले नाहीत, 20 टनांहून अधिक पाठवले. वाहिनीने माघार घेतली आणि आणखी सात भाग केले. ते 2008 च्या सुरुवातीला दिसले, आणि मालिका पुन्हा बंद झाली. पण त्या वेळी बनवणाऱ्यांनी शेवटच्या भागाचे दोन शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते: मालिका पुढे चालली तर एक, आणि संपली तर दुसरा. लोकांना संपण्याचा शेवट मिळाला. वीस टन शेंगदाण्यांच्या बदल्यात त्या माणसांनी एवढेच मिळवले, आणि मला ते फार मोठे वाटले. मावशीच्या पातेल्यातले दाणे माझ्या डोळ्यांपुढे आले. भरितात, ठेच्यात, शेवभाजीच्या वाटणात, जिथे तिथे दाणे किंवा दाण्याचा कूट घालणारा आमचा मुलूख. इथल्या बायकांनी मूठ मूठ दाणे पाठवायचे मनावर घेतले असते तर तिकडच्यांहून मागे पडल्या नसत्या. त्यांच्यापाशी फक्त पत्ता नव्हता, आणि आपले कुणी ऐकेल हा विश्वास नव्हता.

रागाच्या भरात मी एक बाजू विसरू नये. मालिका बंद पडते तेव्हा सेटवर दिवे धरणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, चहा देणारा माणूसही त्या दिवशी बेकार होतो. या धंद्यात केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हाती पडण्याची रीत आहे, त्यामुळे त्याची ओढाताण मालिकेबरोबर संपत नाही. तोट्यातली मालिका चालवत राहा, असे वाहिनीला मी कोणत्या तोंडाने सांगू? कापसाला भाव मिळाला नाही म्हणून पुढच्या हंगामात मका पेरणारे शेतकरी माझ्या घरात आहेत. पण उभे पीक अर्ध्यात सोडून शेतकरी बांधावरून निघून जात नाही. पऱ्हाटी उपटायची तरी तिला एक दिवस लागतो. एक दिवस, बावीस मिनिटे, एक भाग. निर्णय झाल्यावर तेवढे द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. ज्या मालिकांना हा निरोपाचा भाग मिळतो त्यांत वीस मिनिटांत सगळे खलपुरुष सुधारतात, सगळी भांडणे मिटतात, आणि आपण त्या घाईवर चरफडतो. आज मला तो घाईचा शेवटही सभ्यपणाचा वाटतो.

"तिना बाप येवाव नही" हे वाक्य मी एकदा सहज आईला फोनवर सांगितले. आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने जे सांगितले ते मला या वयापर्यंत ठाऊक नव्हते. मावशीच्या लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी देण्याघेण्यावरून दोन्ही घरांत वितुष्ट आले, आणि त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या आजोबांनी, तिच्या आणि आईच्या वडिलांनी, तिला आणायला मुराळी पाठवला नाही. खान्देशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गल्लीतले प्रत्येक दार त्याचे कारण विचारते. झोक्यावरच्या गौराईच्या गाण्यांत त्या वाटेचीच वाट पाहिलेली असते. मावशी कुणालाही न सांगता एकटी निघाली. बसला उशीर झाला, फाट्यावर उतरली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. फाट्यापासून गावापर्यंत दीड कोसाची वाट, दोन्ही बाजूंना रिकामी शेते. आजोबा आले नव्हते. ती येणार हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी ते आले नसते, असे आई म्हणाली. "मग?" मी विचारले. "मग काय, चालत आली," आई म्हणाली. "दार मी उघडलं. अप्पा उठून मागच्या दाराने शेतात निघून गेले." त्यानंतर काय झाले, ते किती दिवसांनी बोलले, हे मी विचारले तेव्हा आईने भाजी करपते आहे असे सांगून फोन ठेवला.

या वर्षीच्या आखाजीला मी गेलो. ऊन असे होते की डोक्यावर रुमाल ओला करून घेतला तरी फाट्यापासून घरापर्यंत कोरडा होत होता. ओसरीवर पूजेची घागर मांडलेली होती, तिच्यावर 'करा' म्हणतात ते छोटे मडके, शेजारी आंबे आणि टरबूज. चुलीवरच्या उलट्या खापरावर मांडे टाकले जात होते आणि तापल्या पुरणाचा वास गल्लीच्या तोंडाशीच येऊन भेटत होता. समोरच्या निंबाला झोका बांधला होता. पाच-सहा लेकी आल्या होत्या, त्यांच्या पोरींनी झोक्याचा ताबा घेतला होता. संध्याकाळी त्या लेकींपैकी एकीने, सह्या करणाऱ्यांत जिची आई होती तिने, मावशीला त्या मुलीविषयी विचारलेच. मग ओसरीवर बायका जमल्या आणि बराच वेळ चर्चा चालली. एकीचे म्हणणे, ती सासरी परतली असेल. दुसरीचे, स्थानकावर तिला जुनी मैत्रीण भेटली असेल. तिसरीने तिला नोकरीच लावून दिली. मावशी ऐकत होती. तिने कुणाचे खोडून काढले नाही, आणि कुणाचे मान्यही केले नाही.

हळूहळू सगळ्या आपापल्या घरी गेल्या. साडेसात झाले होते. त्या वेळेला मावशी आता टीव्ही लावत नाही; नव्या मालिकेचा एकही भाग तिने पाहिलेला नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आईने सांगितलेले मला माहीत आहे, हे तिला सांगावे की नाही, ते मला ठरवता येत नव्हते, आणि शेवटी मी सांगितले नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर एका गाडीचे दिवे वळणावर दिसले, शेतांवरून फिरले आणि दिसेनासे झाले. मावशीने तिकडे पाहिले. मग पदराने गळ्यावरचा घाम टिपत, माझ्याशी की स्वतःशी ते कळले नाही, म्हणाली, "एस्टीले उशीर व्हसच."